दोघींचं एकच नाव

त्सुबामे गावातल्या पोरींनी चमचेच घासावेत असा काही कायदा नव्हता, पण गल्लीतल्या निम्म्या पोरी तेच करत होत्या. नेझुंच्या घरात तर बाप, काका आणि आई अशा तिघांचीही नाकं पॉलिशच्या भुकटीनं कायमची काळी. दिवसभर फिरत्या चाकावर चमचे धरायचे आणि संध्याकाळी न्हाणीत बसून अंगाची काळी मळी खरवडायची. त्या घरातली इकुए तोक्योला विद्यापीठात गेली ती साहित्य शिकायला म्हणून. साहित्याच्या वर्गात ती जेवढी बसली त्याच्या दसपट चित्रकथा मंडळाच्या खोलीत बसली.

ही खोली ज्युदोवाल्यांच्या कपडे बदलायच्या खोलीला लागून होती. भिंतीतून घामाचा वास यायचा. आत जुन्या मासिकांच्या थप्प्या, शाईच्या बाटल्या आणि कोणीतरी विसरलेलं घोंगडं. तिथंच तिला सागारा तोमोयो भेटली.

तोमोयोला चित्र काढता येत नव्हतं. तिची माणसं म्हणजे कांद्याला चार काड्या खोचलेल्या. पण तिच्या कच्च्या पानांवरचे, म्हणजे चौकटी आणि संवाद नुसते आखलेल्या पानांवरचे, ते कांदे बोलायला लागले की मंडळातले आडदांड पोरगेसुद्धा डोळे पुसायचे. वाचक कुठं पान उलटणार आणि उलटण्याआधी त्याचा श्वास कुठं अडकवायचा, हे तिला कुणी न शिकवता कळत होतं. इकुएचं नेमकं उलटं. तिच्याकडं सांगायला गोष्ट नसायची, पण टाक शाईत बुडवून कागदावर टेकवला की रेघ आपली आपण जिवंत व्हायची. ती आधी कान काढायची, मग जबडा, मग भुवया. हात मात्र सगळ्यांना एकाच जातीचे द्यायची, जाडजूड पेरांचे, बापाच्या हातांसारखे. नाजूक पोरीच्या मनगटालाही तसलेच. तोमोयो म्हणायची, तुझी नायिका रागावली तर नायकाचं थोबाड फुटेल. इकुए म्हणायची, फुटू दे की.

तिसऱ्या वर्षी दोघींनी मिळून एक गोष्ट केली. सार्वजनिक न्हाणीघराचा बंब पेटवणारी एक मुलगी आणि तिची आंधळी आजी. एका मोठ्या चित्रकथा साप्ताहिकाच्या नवोदितांच्या स्पर्धेत त्या गोष्टीला उल्लेखनीय म्हणून निवडलं गेलं. खाली नाव छापलं होतं कासुमोरी युई. कासुमोरी हे त्या दोघी जायच्या त्या न्हाणीघराचं नाव. युई असंच, तोमोयोला आवडलं म्हणून. दोघींनी मिळून एक नाव घेणं या धंद्यात नवीन नव्हतं. जोड्या अशाच चालतात, नाव एक आणि जेवणाचे डबे दोन.

निकाल लागल्यावर त्या साप्ताहिकाच्या बानो नावाच्या संपादकानं त्यांना कचेरीत बोलावून आपलं कार्ड दिलं. एका संपादकानं कार्ड दिलं की नवख्यानं त्याचंच होऊन राहायचं, आपली पानं दुसऱ्या कुणाच्या टेबलावर न्यायची नाहीत. हे कुठं लिहिलेलं नसतं, पण मोडणाऱ्याचं नाव सगळ्या प्रकाशनांच्या कचेऱ्यांत खराब होतं. इकुए त्या दिवशी बानोला इतकी वाकली की तिचं कपाळ टेबलाच्या कडेला आपटलं.

मग चौथं वर्ष आलं. बरोबरीचे सगळे काळे कोट शिवून नोकरीच्या मुलाखतींना पळायला लागले. बाजार बसलेला होता, दहा ठिकाणी नाकारलेली पोरं मंडळाच्या खोलीत येऊन मुकाट्यानं पडायची. या दोघींनी ठरवलं, आपण कोट शिवायचाच नाही. शिवला की घालावासा वाटतो. विद्यापीठ संपलं की जुन्या लाकडी घरात शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्यायच्या, तोमोयोनं लिहायचं, इकुएनं काढायचं, आणि मालिका मिळेस्तोवर हटायचं नाही. इकुएनं घरी फोन करून सांगितलं तेव्हा बापानं आधी चाक बंद केलं. मग म्हणाला, "बग काय जमतंय का. न्हाई जमलं तर चाक काय कुटं पळून जात न्हाई."

घर घेतलं. फोन तोमोयोच्या खोलीत बसवला, कारण बोलण्यात ती हुशार. बानोचा फोन आला की तीच उचलायची आणि भिंतीवर टकटक करून इकुएला काय ते सांगायची. सुरुवातीला सगळं सांगायची. कच्ची पानं नापास झाली, पुन्हा करायची आहेत. दुसरी नापास झाली. तिसऱ्यात नायिका थोरली वाटते. चौथ्यात ती थोरली वाटत नाही हाच दोष. दोघी हसायच्या, बानोच्या नावानं बोटं मोडायच्या आणि उकडलेले बटाटे खाऊन पुन्हा बसायच्या.

असं वर्ष गेल्यावर एका सकाळी तोमोयो स्वतः इकुएच्या खोलीत आली. नेहमीसारखी भिंत वाजवली नाही, हे तेव्हा इकुएच्या लक्षात आलं नाही. तिनं सांगितलं, बानो म्हणतात तुझी माणसं चांगली आहेत पण त्यांच्या मागचं सगळं कच्चं आहे. घरं, रस्ते, पाऊस, काही खरं वाटत नाही. कुनिएदा सेन्सेई या बड्या गुरुजींच्या चित्रशाळेत मदतनीस हवा आहे. तिथं काही महिने काढ, हात पक्का कर. तोवर मी आपली कच्ची पानं तयार ठेवते.

इकुएला वाईट वाटलं, पण पटलंही. आपल्याला घरं येत नाहीत हे तिला माहीत होतं.

कुनिएदा सेन्सेई म्हणजे ट्यूना पकडणाऱ्या जहाजावरच्या म्हाताऱ्या आचाऱ्याची मालिका काढणारे. ती मालिका इतकी वर्षं चालली होती की आचारी आधीपेक्षा तरुण दिसायला लागला होता. स्पर्धेतली कासुमोरी युई अशीच इकुएची तिथं ओळख होती, पण वाट्याला समुद्र आला. ती लाटा काढायची. सकाळी लाटा, जेवण झालं की लाटा. थोरला मदतनीस ओसानाई जहाज काढायचा आणि तिला म्हणायचा, बाई, माझं जहाज बुडेल इतकं पाणी नको घालूस. झोपणं-जेवणं तिथंच. तोमोयोला ती रस्त्यावरच्या फोनवरून फोन करायची. तोमोयो म्हणायची, अजून पास झालं नाही, धीर धर. पुढं पुढं फोन उचलला जायचाच नाही.

छापून आलेलं बानोचं साप्ताहिक, ज्यात सेन्सेईंची मालिका यायची, ते त्यांच्या घरी दर आठवड्याला फुकट येई. ते आलं की मदतनीस टाक खाली ठेवून त्यावर तुटून पडायचे, कारण स्वतःच्या लाटा छापील कागदावर कशा दिसतात हे बघायचं असायचं. शरद लागला होता, खिडकीतून पर्सिमनचं झाड दिसत होतं. ओसानाईनं पाकीट फोडलं, पानं चाळली, आणि थांबला. मग मान वळवून इकुएकडं असं बघितलं की जणू तिनं त्याच्या खिशातून काही काढलं होतं.

"नेझु," तो म्हणाला, "तू भलतीच आतल्या गाठीची निघालीस की गं."

त्यानं अंक तिच्यासमोर ठेवला. मुखपृष्ठानंतर लगेच रंगीत पानं, नवीन मालिका. न्हाणीघराचा बंब पेटवणारी मुलगी. कासुमोरी युई.

तो चेहरा इकुएचा होता. कान इकुएचे, जबडा इकुएचा, भुवयांचा तो जाड फटकारा इकुएचा. क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं की हे आपण कधीतरी काढलं आणि विसरलो. मग तिनं हात बघितले. गोरे, निमुळते, मुळ्याच्या शेंगेसारखे. बंब पेटवणाऱ्या पोरीचे हात.

तेवढ्यात बाकीचे दोघं मदतनीस उठून आले, पाठीवर थापा पडल्या, कुणीतरी आतल्या सेन्सेईंना हाक मारली. सेन्सेई चष्मा कपाळावर चढवून आले, उभ्या उभ्या सगळी पानं वाचली आणि म्हणाले, पान उलटायच्या जागा फार सुंदर आहेत. आणि हे सगळं माझ्या घरात बसून, माझ्या लाटा काढत काढत केलंस. कधी झोपलीस?

इकुएनं त्याच वेळी बोलायला हवं होतं. हे मी काढलेलं नाही, एवढं एक वाक्य. पण तिच्या डोक्यात एकदम तीन-चार गोष्टींची झोंबाझोंबी लागली. कदाचित यात काही चूक असेल. कदाचित तोमोयोनं आपल्या जुन्या चित्रांवरून कुणाकडून तरी घाईत उतरवून घेतलं असेल आणि उद्या फोन करील. आणि खरं सांगायचं तर, लाटा काढून काढून वाळलेल्या त्या पोरीला पाठीवरच्या थापा गोड लागल्या. ती खाली वाकली. म्हणाली, तुमच्या कृपेनं.

चित्रशाळेत ज्याची मालिका सुरू झाली त्यानं मदतनीस म्हणून राहायचं नाही, हा सेन्सेईंचा शिरस्ता. ज्याचं स्वतःचं जहाज पाण्यात गेलं त्यानं दुसऱ्याच्या जहाजाला पाणी कशाला घालायचं. दुसऱ्याच दिवशी शुभप्रसंगाला करतात तो लाल चवळी घातलेला भात मागवला गेला, सगळ्यांनी मांडी घालून जेवण केलं. सेन्सेईंनी टाकांच्या टोकांची एक नवी डबी तिच्या हातात दिली आणि भाषण केलं. ओसानाईनं गाणं म्हटलं. लाटा काढायला सोमवारपासून नवा माणूस येणार असल्याचं तिथंच कळलं. इकुए तो भात घास घास चावत राहिली आणि तिला कळत होतं की आपण आपल्याच हातानं आपली जागा रिकामी करून दिली. आता बोलली असती तर खोटारडी ठरली असती. न बोलता उठली तर रस्त्यावर. ती न बोलता उठली.

लाकडी घरात तोमोयोची खोली रिकामी होती. घरमालकीण म्हणाली, सागाराबाई उन्हाळ्यातच गेल्या, चांगल्या वस्तीत घर घेतलं म्हणे, तुम्हाला माहीत नाही? तुमच्या खोलीचं भाडंही त्याच देऊन गेल्या की. हे भाडं दिल्याचं ऐकून इकुएला जेवढा राग आला तेवढा तो अंक बघूनही आला नव्हता.

तिनं बानोला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी फोनवर बोलत होती. तो अत्यंत सभ्यपणे बोलला. कच्ची पानं उत्तम होती, तुमचा हात संथ होता, साप्ताहिकाचा वेग तुम्हाला झेपला नसता. स्पर्धेच्या वेळी वाचकांना ते नाव आणि तो चेहरा आवडला होता, म्हणून दोन्ही ठेवले, आणि मुराओ नावाची वेगानं काढणारी मुलगी जोडून दिली. मग म्हणाला, पण हे सागारा-साननी तुम्हाला वसंतातच सांगितलं होतं ना? तुमची संमती आहे असं त्या म्हणाल्या होत्या.

वसंतात. म्हणजे कुनिएदांकडं पाठवलं त्याच सुमारास. इकुएनं फोन ठेवला.

मग तिनं ठरवलं की बानोशी बांधलेलं आता काही उरलं नाही. तिनं एकटीनं एक गोष्ट रचली. चमच्यांना पॉलिश करणाऱ्या एका विधवेची. गोष्ट बेताचीच होती, हे तिलाही कळत होतं, पण चित्रांत तिनं जीव ओतला. ती पानं घेऊन दुसऱ्या एका प्रकाशनाच्या कचेरीत गेली. शिराबे नावाचा तरुण संपादक होता. कोंबडीनं दाणे टिपावेत तशी त्यानं ती पानं भराभर टिपली, नीट गोळा करून टेबलावर ठोकून सरळ केली, आणि चहा मागवला. चहा मागवला म्हणजे नकार, हे मंडळातल्या पोरांनी तिला कधीच सांगून ठेवलं होतं.

"नेझु-सान, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण हे कासुमोरी युईचं झालं. कान, जबडा, भुवया, सगळं. सध्या दर आठवड्याला चार तरी माणसं मला असलं आणून दाखवतात. फक्त तिच्या पोरींचे हात नाजूक असतात, तुमच्या पोरींचे गवंड्यासारखे आहेत. नक्कल करायचीच तर हात तरी तिचे उचलायचे."

इकुए म्हणाली, तो चेहरा माझा आहे. स्पर्धेतली गोष्ट मी काढली होती.

शिराबेनं मान हलवली. तो हसला नाही, उलट त्याच्या चेहऱ्यावर कणव आली. ती बघून इकुएला कळलं की असं म्हणणारी आपण पहिली नाही. तो म्हणाला, स्वतःची रेघ शोधा, एक-दोन वर्षं लागतील, मग नक्की या. कार्ड मात्र त्यानं दिलं नाही.

तोमोयो भेटली ती त्यानंतर. इकुएनं बानोच्या कचेरीखालच्या कॉफीघरात तिला गाठलं, जिथं लेखक मंडळी संपादकांची वाट बघत बसतात. तोमोयोनं केस कापले होते आणि तब्येत उतरली होती. साप्ताहिकाची मालिका माणसाला चघळून टाकते, ते तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं. इकुएला बघून ती दचकली नाही. जणू रोज याची वाट बघत होती. तिनं दोघींसाठी मलईची कॉफी सांगितली आणि स्वतःहून बोलायला लागली. बानोंनी तोंडावर विचारलं नाही, पण सुचवलं ते हेच, की मालिका हवी का मैत्रीण. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग वाटलं, एक तरी उभी राहिली तर दुसरीला ओढून घेता येईल.

"ओढून घे मग," इकुए म्हणाली.

"त्यासाठीच म्हणतेय. मुराओला माणसं येतात पण मागचं काही येत नाही. न्हाणीघराच्या फरशा, बंब, चिमणीचा धूर. कुनिएदांकडं हात पक्का झालेल्या तुझ्यासारखं ते कोण काढणार? ये तू. पगार चांगला देईन."

"म्हणजे माझ्याच नावाखाली मी मदतनीस."

"नाव दोघींचं आहे, इकुए. मी ते गटारात टाकून द्यायला हवं होतं का?"

"मला एकदा सांगायचं तरी."

तोमोयोनं कॉफीतली मलई ढवळली. "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

इतकं सरळ उत्तर येईल असं इकुएला वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं रडेल, पाया पडेल, बानोवर ढकलेल. यातलं काहीतरी झालं असतं तर भांडता आलं असतं. तिनं एवढंच मागितलं की नाव बदल. तोमोयो म्हणाली, आता पुस्तक छापायला गेलंय, मुखपृष्ठावर नाव आहे, माझ्या हातात काही नाही. आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, चित्रांत तू आहेसच की, मी तुला कुठं सोडलंय. हे बोलताना तिला खरंच तसं वाटत होतं. हे इकुएला दिसलं, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती उठली. कॉफी तशीच राहिली.

खिशात जेमतेम भाड्याएवढं उरलं होतं तेव्हा ती त्सुबामेला गेली. वाटेत तिनं घरी काय बोलायचं ते दहादा घोकलं. पण दारातच आईनं तिला मिठी मारली. या घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे. आईनं स्टेशनसमोरच्या दुकानातल्या साप्ताहिकाच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या प्रती उचलल्या होत्या आणि गल्लीत घरोघर वाटल्या होत्या. कासुमोरी म्हणजे आमची इकुए, स्पर्धेच्या वेळचंच नाव. बापानं पहिलं रंगीत पान चाकाच्या वर चिकटवलं होतं, त्यावर काळी भुकटी बसायला लागली होती. काका म्हणाला, "पोरगी लई बारीक झालीया. मोटी मानसं जेवत न्हाईत वाटतं." इकुएनं तोंड उघडलं की कुणीतरी अभिनंदनाला यायचं. दोन दिवस हेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी होरिगोमे आला. त्याचं नूडल्सचं दुकान, जाड नूडल्स आणि वर डुकराच्या चरबीचा थर, कारखान्यात पोचवेपर्यंत रस्सा निवू नये म्हणून. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर सह्यांच्या पाट्या होत्या. एका गायिकेची, एका सुमो पैलवानाची, आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या एका माणसाची, जो तिथं फक्त पाणी प्यायला होता. होरिगोमे कोरी पांढरी पाटी आणि जाड काळं पेन घेऊनच आला होता. म्हणाला, सगळे कारागीर जेवायला बसल्यात, चल, समद्यांसमोर काढ.

आई-बाप, काका सगळे निघाले. दुकानात वाफ, लसणाचा वास, काळ्या नाकांची माणसं. इकुए काउंटरला टेकली आणि पाटी पुढं ओढली. पेन टेकवल्यावर मात्र तिचं मन एकाएकी निवलं. कान, जबडा, भुवया. पोरगी बंबात लाकूड सारतेय. माणसं वाटी हातात धरून पुढं सरकली. "लई भारी," कुणीतरी म्हणालं, "हुबेहूब छापल्यागत." तिनं चित्र संपवलं आणि खाली उभं नाव लिहिलं. नेझु इकुए.

होरिगोमेनं वाचलं. "आगं, हे न्हवं. पेपरातलं नाव टाक की."

"ते नाव माझं नाही राहिलं."

आणि मग ती बोलली. न रडता, न ओरडता, जसं होतं तसं. तोमोयो, बानो, लाटा, लाल भात, सगळं. सांगताना तिला दिसत होतं की लाल भाताच्या वेळी ती गप्प का बसली हे इथं कुणालाच कळत नाहीये. एकजण म्हणाला, "म्हंजी त्या अंकातलं तुजं न्हाईच?" दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. आई जमिनीकडं बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर वाटलेल्या प्रती फिरत असणार.

बापानं वाटी खाली ठेवली. तो कधी लोकांत बोलत नसे.

"आता आमी घासतो त्या चमच्यावर कवा आमचं नाव असतंय?" तो म्हणाला. "परदेशातल्या दुकानाचं नाव ठोकतात, जातंय तिकडं. आमी काय रडत बसतो व्हय? काम चांगलं झालं, बास. ती तुला बोलवतीया तर जा की."

माणसांनी माना डोलावल्या. त्या सगळ्यांच्या चमच्यांवर दुसऱ्याचीच नावं होती.

"तुम्ही नाव विकलंत, बाबा," इकुए म्हणाली. "मी विकलं नव्हतं."

बापाला ते कळलं का नाही, कुणास ठाऊक. त्यानं वाटी उचलून राहिलेला रस्सा पिऊन टाकला.

ती गावातच राहिली. सकाळी चाकावर बसायची, दुपारी उरलेल्या वेळात कोऱ्या कागदावर चेहरे काढायची. कानापासून सुरुवात करायची नाही असं ठरवायची, नाकापासून करायची, डोळ्यापासून करायची, आणि पूर्ण झाल्यावर बघायची तर पुन्हा कासुमोरी युई समोर बसलेली. मग तो कागद चाकाखालच्या भुकटीत टाकून द्यायची. साप्ताहिक दर आठवड्याला यायचं. ती ते घ्यायची नाही, पण गल्लीत कुणी ना कुणी वाचून सांगायचंच, की ह्या खेपेला आजी आजारी पडली, ह्या खेपेला चिमणी कोसळली. आई आता शेजारणींशी बोलताना विषय हवामानावर न्यायची. बापानं चाकावरचं रंगीत पान काढलं नाही. इकुएनंही त्याला काढ म्हटलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एके दिवशी ती एकटीच होरिगोमेकडं जेवायला गेली. तिची पाटी त्यानं लावली होती, गायिका आणि पैलवानाच्या मधोमध. पण पाटीखाली त्यानं आपल्या हातानं एक चिठ्ठी डकवली होती. कासुमोरी युई, आमच्या गावची.

इकुएनं वाटी बाजूला सारली. म्हणाली, होरिगोमेकाका, ते काढा. तो म्हणाला, त्यात काय वाईट हाय, गिऱ्हाईक इचारतं नेझु इकुए कोन म्हनून, मी काय सांगू. ती म्हणाली, सांगा ना, समोरच्या गल्लीतली. त्यावर होरिगोमे हसला आणि फडक्यानं काउंटर पुसत म्हणाला, "आगं, ही गावाची इज्जत हाय. तुजी एकटीची न्हाई."

ती स्टुलावर चढली. चिठ्ठी फाडायची म्हणून चढली होती, पण चिठ्ठी भिंतीला गच्च बसली होती, निघाली नाही. मग तिनं पाटीच खिळ्यावरून काढली. जेवणारी माणसं बघत राहिली, एकानं तिला पडशील म्हणून स्टूल धरून ठेवलं. नूडल्सचे पैसे तिनं काउंटरवर ठेवले, पाटी काखेत मारली आणि दार सरकवून बाहेर पडली. होरिगोमे फडकं हातात घेऊन दारापर्यंत आला आणि भर रस्त्यात तिला हाका मारायला लागला, कासुमोरी-सान, आगं कासुमोरी-सान म्हणून. इकुए वळली नाही.